मदत हवी आहे: दुसऱ्याच्या गाडीचं ई-चलन बाबांच्या नावावर

नमस्कार मंडळी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अतिवेगाचं २००० रुपयांचं चलन बाबांच्या मोबाईलवर आलंय. त्या दिवशी आमची गाडी सांगलीत घरासमोर उभी होती. चलनातला फोटो मोठा करून पाहिला, तर गाडी पांढरीच, पण मॉडेल वेगळं आणि नंबरप्लेटवर चिखल. शेवटचा आकडा ३ आहे, तो यंत्राने ८ वाचलाय. टपावरचं कॅरियरही आमचं नाही. ऑनलाइन तक्रार केली, आरसीचा फोटो जोडला. उत्तर एका ओळीत, "तक्रार अमान्य".

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. बोरघाटात ६० ची मर्यादा असताना गाड्या कशा सुटतात हे सगळे बघतो, तिथे कॅमेरे हवेतच. पण फोटो माणसाने नीट पाहिल्याशिवाय दंड लागू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ (२०२१) वाचला. त्यात उपकरणाचं, म्हणजे अशा कॅमेऱ्याचं, प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यायचं आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायची असं होतं. ते प्रमाणपत्र सामान्य माणसाने मागायचं कुणाकडे?

लोकअदालतीत दंड कमी होतो म्हणतात, पण ती तडजोड झाली. न केलेल्या गुन्ह्यासाठी बाबा एक रुपयाही भरायला तयार नाहीत, आणि मला ते पटतं. थेट न्यायालयात असं चलन कुणी रद्द करून घेतलंय का? वकील लागतो का, आणि सांगलीहून तारखांना जावं लागतं का? पुरावा म्हणून सोसायटीचं सीसीटीव्ही आणि फास्टॅगचा हिशेब चालेल का?