आत्याची बिंदगी येळवशीला काढावी का जपून ठेवावी?

शिवारातला:
औसा तालुक्याकडची मंडळी, जरा सांगा. आत्या मागच्या उन्हाळ्यात गेली, ८३ वर्षांची होती. तरणी असतानाच माघारी आली ती आमच्याकडंच राहिली, आई दिवसभर रानात त्यामुळं आम्हा पाच भावंडांचं न्हाऊ-माखू, शाळा, मारामाऱ्या सगळं तिनंच बघितलं. आता येळवस, म्हणजे रानात पूजा करून जेवायची वेळ अमावस्या, आली पंधरा दिवसावर आणि माळ्यावर तिची आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीचं मडकं, सापडलं, काठाचा टवका गेलाय, बाहेरचे चुन्याचे पट्टे अजून तसेच. बायको म्हणती देवाजवळ ठेवू, मला वाटतं आंबील हिच्यातच न्यावी. फुटली तर? आणि चवीचं पण सांगा, ज्वारीचं पीठ ताकात आंबवतो, लसूण जिरं सगळं तेच, पण तिच्यासारखी होतच नाही. विचारलं की म्हणायची "हात घाल, कळतंय." कशात हात घालायचा ते काय सांगितलं नाही 😅

कडब्याची_गंजी:
काढ की. फक्त रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, कोरडी बिंदगी आंबील पिऊन घेती आणि पाझरती. चवीचं म्हणशील तर ताक दोन दिवसाचं आंबट घे, पाकिटातल्या ताकाची आंबील होत नसती भाऊ.

गोदाकाठची:
आम्ही परभणीकडचे, येळवस तुमच्याएवढी नाही करत. पण वाचून माझी थोरली मावशी आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची ती स्वतः न खाता पदराच्या गाठीला बांधून माझ्या आईसाठी आणायची, आई तेव्हा सात वर्षांची. पुढं घरात सगळं आलं पण मावशीनं शिरा कधी खाल्ला नाही, म्हणायची सुकडीचा वास येतोय. तिनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ मी पुण्याला आणली आणि खराब होईल म्हणून तीन वर्षं पिशवीत बांधून ठेवली. काढली तर कसरीनं खाल्लेली. पांघरली असती तर निदान फाटली तरी असती. तुम्ही काय ते ठरवा.

नळदुर्गी:
आमची आत्या फक्त लग्नात मानाच्या साडीवरनं रुसायला यायची. नशीबवान आहात 😀

शिवारातला:
ताई, वाकळीचं वाचून कसंतरी झालं. तो टवका कधीचा ते सांगायचं राहिलंच. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती बुडवून उशिरा आलो म्हणून आम्ही पोरं अंगणात आत्याजवळ बाजंवर झोपलो होतो, पहाटे चारच्या आतच भूकंपानं माळवद खाली आलं, आई-बाप ओसरीत होते म्हणून वाचले. तिसऱ्या दिवशी आत्यानं ढिगाऱ्यातनं ही बिंदगी उकरून काढली, आम्हाला वाटलं डोकं फिरलं हिचं, लोक माणसं शोधायलेत आणि ही मडकं. त्या वर्षी पत्र्याच्या शेडमधनं येळवशीला हीच बिंदगी रानात गेली. नंतर माळवद परत बांधलं नाही आणि आत्या छताखाली झोपली नाही, पाऊस असला तर पत्र्याच्या पडवीत.

तर आज रात्री भिजत घालतो. ताकासाठी म्हैसवाला शोधायलोय, इथं लातुरात सगळं पाकिटातलंच. आणि डोक्यावर घेऊन बांधानं कोण चालणार त्यावर घरात वाद चालूय, बायको म्हणती डिक्कीत ठेवा.