व्हर्टस जीटीला दीडशे घोडे हवेतच कशाला?

घाटमाथा
परवा सेदानच्या धाग्यावर चक्रधर यांनी फोक्सवॅगनच्या व्हर्टसबद्दल लिहिलं होतं, "व्हर्टस जीटी म्हणजे बापाच्या पैशावर उडणाऱ्या पोरांचं खेळणं. एक्स्प्रेसवेवरही शंभरच्या पुढे गेलं की चलान. मग दीडशे पीएस कशाला? एक लिटरचं इंजिन भरपूर झालं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ताकद म्हणजे टॉप स्पीड, हे डोक्यातून काढा आधी. आमचं जाणं-येणं कोल्हापूर-रत्नागिरी. साखरप्याहून आंबा घाटाकडे निघालं की पुढे लोड भरलेला ट्रक हमखास, तो पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो. समोरचा रस्ता मोकळा दिसतो तो पुढच्या वळणापर्यंतच. तेवढ्यात तुम्ही ट्रकच्या पुढे जाऊन आपल्या लेनमध्ये यायला हवं. जीटीचं दीड लिटर टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, १६०० आरपीएमपासून २५० न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) देतं. होंडा सिटीच्या बिनटर्बो दीड लिटरला १४५ मिळतो, तोही ४३०० ला. म्हणजे दोन गिअर खाली या, इंजिनाला ओरडू द्या, आणि तोवर समोरून एसटी आलेली असते. या सगळ्यात काटा साठच्या वर जात नाही. चलानचा संबंध येतोच कुठे?

साध्या व्हर्टसचं एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन वाईट नाही. ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर. शहरात मजेत चालतं. पण चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि वर चढ असला की टर्बो जागा होईस्तोवर संधी गेलेली असते. उलट दीड लिटरवाल्यात सपाटीला हलक्या पायाने चालवलं की चारातले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, त्यामुळे ते पेट्रोल पितं ही ओरडही अर्धीच खरी.

आणि ही गाडी आपल्या चाकणला बनते. तिला पोरखेळ म्हणताना जरा विचार करा.

चक्रधर
मीच तो. शब्द मागे घेत नाही. घाटात ओव्हरटेक करूच नये, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? माझ्या सख्ख्या मावसभावाचा पाय अशाच एका "पटकन पुढे गेलो"मध्ये मोडला. गाडीत दम आहे म्हटलं की माणूस जिथे थांबला असता तिथे घुसतो.

दुसरं, तुमच्या सुरक्षिततेच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. दीडशे पीएसच्या गाडीला ड्रम! ह्युंदाईची वर्ना टर्बो बघा, १६० पीएस आणि चारही चाकांना डिस्क. घाट उतरताना ताकद नव्हे, ब्रेक लागतात.

घाटमाथा
तुटक पट्टा असेल, समोरचं दिसत असेल तिथेच ओव्हरटेक, हे वेगळं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. भावाचं वाईट वाटलं, पण तो चालकाचा निर्णय, इंजिनाचा नव्हे. ड्रमचं म्हणाल तर हो, त्या किमतीत डिस्क द्यायलाच हव्या होत्या. इथे वाद घालत नाही. पण ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत दोन्ही गाड्यांना पाच तारे आहेत, तेही सांगा की.

सांगवीकर
माझा राग वेगळाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हर्टसची जीटी लाइन आणली. काळी ग्रिल, काळे आरसे, आत काळं सगळं, आणि बॉनेटखाली तेच एक लिटर! त्याच वेळी आलेल्या जीटी प्लस स्पोर्टला लाल ब्रेक कॅलिपर मिळाले, पण पॉवर दीडशेच राहिली. जीटी या दोन अक्षरांना किंमत होती, ती यांनी सजावटीवर घालवली. २०१८ ला टाटांनी टिगोर जेटीपी आणली होती, तिला खरोखर ११४ पीएसचं टर्बो इंजिन आणि कडक सस्पेन्शन दिलं होतं. लोकांनी घेतली नाही, २०२० ला बंद. आपण मागतो मोठ्याने आणि शोरूममधून बाहेर पडतो उंच गाडी घेऊन.

मीनल_डोंबिवली
मला एक सांगा, या टर्बोत हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का? माझी २०१४ ची साधी पेट्रोल गाडी आहे, ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून अ‍ॅव्हरेज सरळ खाली आलंय. पंपावर दुसरा पर्याय नाही, दर एक पैसा कमी नाही. मी पूर्ण पैसे देऊन पाचवा हिस्सा इथेनॉल का घ्यायचं?

शिरोळकर
आलं का पुन्हा उसावर! ताई, तुमच्या टाकीतलं ते इथेनॉल आमच्या शेतातून येतं. ऊस कारखान्याला गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे हा नियम १९६६ पासून कागदावर आहे. आमच्या वडिलांनी त्याच पैशासाठी दिवाळी उधारीवर काढलेली मी पाहिली आहे. इथेनॉलचे पैसे कारखान्याकडे साखरेपेक्षा लवकर येतात, मग आमचंही बिल लवकर निघतं. अ‍ॅव्हरेज किलोमीटरभर घटलं म्हणून एवढा आरडाओरडा?

मीनल_डोंबिवली
दादा, तुमच्या बिलाला माझा विरोध नाही. पण मला न विचारता माझ्या गाडीत ओततात, आणि रबरी पाइप, गॅस्केट गेले तर खर्च माझा. जुन्या गाड्यांसाठी ई-१० ठेवायला काय झालं होतं? शिवाय आता मक्याचं इथेनॉल उसापेक्षा जास्त येतंय, तेव्हा सगळं श्रेय शिरोळच्या उसाला देऊ नका.

शिरोळकर
मका का वाढला ते पण लिहा ना! डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका रात्रीत मनाई केली. कारखान्यांनी कर्ज काढून प्लांट उभारले होते. ती बंदी उठायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. मध्ये नुकसान कुणाचं झालं? डोंबिवलीचं?

वर्कशॉपवाला
दोघंही थांबा जरा. माझं गॅरेज आहे, रोज हेच ऐकतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ई-२० मध्ये मिळून सहा-सात टक्के कमी. ताईंची तक्रार हवेतली नाही. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे पाइप, सील तपासून घ्यावेतच.

पण टर्बोला इथेनॉल मानवतं, हे कुणी बोलत नाही. टर्बोत हवा दाबून भरतात, त्यामुळे इंजिन नॉक होण्याची, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके पडण्याची, भीती जास्त. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉक रोखण्याची क्षमता) शंभराच्या वर, आणि ते बाष्प होताना आतली हवा थंड करतं. इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तर जास्तच. नवी टर्बो गाडी ई-२० साठी बनवलेली असेल तर घाबरू नका. अ‍ॅव्हरेज मात्र घटणार, त्यातून टीएसआयही सुटत नाही.

मीनल_डोंबिवली
धन्यवाद. निदान कुणीतरी माझं म्हणणं मान्य केलं. मग कमी ऊर्जेच्या इंधनाचा दरही कमी हवा, एवढंच माझं.

शिरोळकर
दर कमी करा, माझी ना नाही. फक्त तो उसाच्या दरातून कापू नका.

चक्रधर
गाडीवरून उसावर, उसावरून दिल्लीवर. मूळ मुद्द्यावर येतो. मी काल मित्राची जीटी चालवली, मुद्दाम. ताम्हिणीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जो सहज ओढा आहे तो माझ्या गाडीत नाही, हे खरं. पण त्यासाठी एवढे जादा लाख मोजावेत असं मला अजूनही वाटत नाही. त्यातून सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि या सेदानला ४०. एवढ्यात डिझायर घेऊन उरलेल्या पैशात कोकणात किती फेऱ्या होतील बघा.

घाटमाथा
४० टक्के एक लिटरवाल्या व्हर्टसलाही लागतात, कारण लांबी साडेचार मीटर. मग तेवढा कर भरायचाच तर दीड लिटर का नको? आणि डिझायर चार माणसांनी भरून साखरप्यातून वर आणा, मग बोलू.

सांगवीकर
घ्यायचीच तर मॅन्युअल घ्या. आणि फक्त काळा रंग बघून जीटी लाइनच्या बुकिंगवर सही करू नका.