मदत हवी आहे: सांडपाण्यामुळे परसबागेतली काळी माती कडक होतेय

आम्ही लातूरला राहतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून अंघोळीचं पाणी गटारात सोडायचं नाही असा आईचा नियम आहे. आधी बादल्यांनी घालायचो. आता न्हाणीघराचा आणि वॉशिंग मशिनचा पाइप वेगळा काढून परसात आणलाय. संडासाची लाइन यात कुठेच येत नाही. भांड्यांचं पाणी तेलकट असतं, तेही घेत नाही.

पाणी आधी जाळीतून जातं, मग खडी-वाळूच्या ड्रममधून, मग कर्दळ आणि अळू लावलेल्या चरातून झाडांना. साठवून ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी वास मारायला लागतो. कोथिंबीर, मेथी मात्र बोअरच्याच पाण्यावर आहे, कच्च्या खायच्या पालेभाज्यांना हे पाणी नकोच.

केळी, नारळ जोमात आहेत. लिंबू आणि कढीपत्त्याच्या पानांच्या कडा मात्र करपतायत. त्याहून जास्त काळजी मातीची वाटते. वर पांढरट थर येतो, पोपडा धरतो, पाणी मुरायचं सोडून साचून राहतं.

मला संशय धुण्याच्या पावडरीचा आहे. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम. ते चिकणमातीच्या कणांना चिकटलं की कण एकमेकांपासून सुटे होतात, छिद्रं बुजतात, आणि आमची माती तर काळी, मुळातच चिकण. त्यात बोअरचं पाणी जड, फेस लवकर येत नाही म्हणून पावडर जास्त पडते. लिंबूवर्गीय झाडांना क्षार सोसत नाहीत हेही आहेच.

आता प्रश्न. जिप्सम टाकलं तर त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, पण हटलेलं सोडियम खाली धुऊन जायला गोडं पाणी लागतं. मग ते पावसाळ्याच्या तोंडावर टाकावं का? झाडं उभी असताना किती टाकायचं? आधी माती परीक्षणातून सामू (पीएच) आणि क्षारतेबरोबर विनिमययोग्य सोडियमही, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, काढून घ्यावं का?

मशिनचं पहिलं, साबणाचं पाणी गटारात आणि शेवटचं खळबळलेलं तेवढं बागेला, अशी व्हॉल्व्हने विभागणी कुणी केलीय का? रोज आठवणीने फिरवणं घरात जमतं का? मशिनमध्ये रिठ्याचं पाणी वापरून कपडे खरंच निघतात का, खास करून शाळेचे पांढरे गणवेश?

आणखी एक. ड्रममधल्या वाळूवर साबणाची साय धरते. तुम्ही वरचा थर धुता की बदलता?

लातूर, धाराशिव, बीडकडे काळ्या जमिनीत काही वर्षं हे पाणी वापरणाऱ्यांनी कृपया नक्की लिहा. मुरमाड किंवा लाल मातीतला अनुभव असेल तर मातीचा प्रकार तेवढा सांगा, म्हणजे आमच्याकडे काय लागू पडेल ते कळेल. लिंबाचं झाड वाचवायचं आहे, तोवर त्याला साधं पाणी देतोय.