उद्यमनगरातल्या शॉपचं लाईट बिल, सगळे दिवे एलईडी केले तर खरंच निम्मं होतंय का?

शॉपवाला_उद्यमनगर
नमस्कार मंडळी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप हाय, ३ लेथ, २ सीएनसी, एक कॉम्प्रेसर. वडिलांच्या काळापासूनच्या २४ ट्यूब हायत, जुन्या तांब्याच्या चोकच्या, आणि वर पत्र्याखाली २५० वॅटचे ४ मेटल हॅलाइड (जुने मोठे गॅसचे दिवे). एकच शिफ्ट, १० तास, महिन्याला २६ दिवस. गेल्या महिन्यात २९०० युनिट आले. परवा एक सेल्समन येऊन गेला, म्हणाला सगळी लाईट बदला, बिल सरळ निम्मं करून देतो, कोटेशन पण ठेवून गेलाय आणि रोज फोन करतोय. पावसाळ्यात तर आमच्याकडं सकाळपासून सगळे दिवे लागतात, त्यामुळं पटल्यासारखं वाटतंय पण खात्री होईना. कुणी केलंय का? जरा सविस्तर सांगा की.

शिरोलीकर
दादा सही करायच्या आधी एक कागद घेऊन बसा. ट्यूबवर ३६ वॅट लिहिलेलं असतं पण जुना चोक स्वतः १२-१५ वॅट खातोय, हात लावून बघा कसला तापलेला असतो, म्हणजे एक ट्यूब ५० वॅट धरायची. २४ ट्यूबचे झाले १२००. हॅलाइडचं पण तसंच, २५० चा दिवा चोकसकट २७५ च्या आसपास, चारांचे ११००. एकूण २३०० वॅट, महिन्याला २६० तास, म्हणजे साधारण ६०० युनिट. तुमचे युनिट २९००. आता बघा, सगळे दिवे बंद करून अंधारात काम केलं तरी बिलातला पाचवाच हिस्सा जातोय, मग निम्मं कुठनं होणार? बाकीचं मोटरी खातात.

पण म्हणून करू नका असं म्हणत नाही, उलट लगेच करा. २० वॅटची एलईडी पट्टी ट्यूबच्या जागी आणि १०० वॅटचे हायबे (उंच छपराला टांगायचे मोठे एलईडी दिवे) हॅलाइडच्या जागी लावले तर ६०० चे २३० युनिट होतात, म्हणजे ३७० युनिट वाचले. युनिटमागं ९ रुपये धरले तर महिन्याला सव्वातीन हजार. (दर तुमच्या बिलातनं काढा, पण फिक्स चार्ज त्यात धरू नका, तो दिवे बदलून कमी होत नाही.) मी शिरोलीत केलं तेव्हा चांगली पट्टी अडीचशेच्या आसपास आणि हायबे अडीच हजाराला पडला होता, त्या हिशेबानं तुमचा माल १६ हजारात बसतो, वर मजुरी. सहा महिन्यांत पैसे वसूल. कोटेशन याच्या तिप्पट असेल तर समजून जा.

आणखी एक, हॅलाइडला लाईट जाऊन आली की परत पेटायला १०-१५ मिनिटं लागतात, तेवढा वेळ पोरं हात बांधून उभी. तो त्रास संपतो, ते बिलात दिसत नाही पण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

वायरमन_२२वर्षं
शिरोलीकरांचा हिशेब बरोबर हाय. मी लावायचं सांगतो. जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब घालायची असेल तर चोक आणि स्टार्टर काढून टाकून थेट वायरिंग करून घ्या, बरेच जण चोक तसाच ठेवतात आणि मग तो आपला वॅट खातच राहतोय. काही ट्यूबला फेज-न्यूट्रल एकाच टोकाला असतं, काहींना दोन टोकाला, खोक्यावरचं चित्र बघितल्याशिवाय जोडू नका.

घेताना फक्त वॅट विचारू नका, लुमेन म्हणजे उजेड किती ते विचारा. वॅटला १०० लुमेनच्या खालचं घेऊ नका, हायबे तर १३० चा मिळतोय. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामाला येते ते) ०.९ च्या वर हाय का बघा, स्वस्त मालात ०.५ असतोय. सर्ज प्रोटेक्शन विचारा, वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की पहिला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) जातोय, उजेड देणारी चिप नाही. ड्रायव्हरला उष्णता पण सोसत नाही, फौंड्रीवाले असाल तर भट्टीच्या डोक्यावर दिवा टांगू नका, बाजूला घ्या.

आता लेथवाल्यांसाठी महत्त्वाचं, हे कुणी सांगत नाही. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही. पण तीन जॉचा चक (लेथवर जॉब पकडणारा फिरता भाग, जॉ म्हणजे त्याचे पकडायचे दात) १००० आरपीएमला फिरत असेल तर त्या उजेडात सहा जॉ जागच्या जागी उभे असल्यासारखे दिसतात. चक फिरतोय आणि डोळा म्हणतोय थांबलाय. एका पोराचा हात जाता जाता मी डोळ्यानं बघितलाय, म्हणून कळकळीनं सांगतोय. हलक्या ड्रायव्हरच्या एलईडीत पण हेच होतंय. दुकानात दिवा लावून मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा, लुकलुकताना दिसला की परत द्या. आणि शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घ्या. जुन्या ट्यूबा फोडून कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतोय.

महाद्वार_साडीसेंटर
दादांचं शॉप वेगळं, पण माझ्यासारखे दुकानदार पण वाचत असतील म्हणून लिहिते. आमच्याकडे शोकेसला ५० वॅटचे हॅलोजन होते, त्या जागी ७ वॅटचे एलईडी लावले. फरक लाईटपेक्षा एसीत जास्त जाणवला, कारण हॅलोजनची सगळी उष्णता एसीलाच बाहेर काढायला लागायची. पण पहिल्या वेळी फसले. स्वस्त म्हणून पांढराफेक उजेड घेतला आणि मोरपंखी साडी घरी नेल्यावर वेगळीच दिसते म्हणून गिऱ्हाईकं परत यायला लागली. मग कळलं की सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघायचा असतो, ९० च्या वरचा घेतल्यावर तक्रारी थांबल्या. बदलायला खर्च दोनदा झाला. आणि हॅलोजनचा जुना १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तोही बदला, त्यावर एलईडी फडफडतात.

गोकुळशिरगाव_कास्टिंग
दिवे बदलायच्या आधी पत्रा बघा. आम्ही छपरात मधेमधे पारदर्शक पत्रे घातले, उन्हाळ्यात दिवसा निम्म्या लाईनी लागतच नाहीत. पण त्यासाठी ओळीनिहाय वेगळे स्विच पाहिजेत, एकाच स्विचवर सगळं शॉप असेल तर कोण बंद करणार. आणि खरी चोरी कॉम्प्रेसरमध्ये हाय भावा. रविवारी सगळी मशिनं बंद ठेवा, टाकी भरा आणि घड्याळ लावून बसा. कुणी हवा वापरत नसताना मोटर परत सुरू झाली म्हणजे तेवढी हवा गळतीय.

शॉपवाला_उद्यमनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. सेल्समनला नको म्हणून सांगितलं, लक्ष्मीपुरीतनं दोन पट्ट्या आणि एक हायबे आणून लावलाय, स्लो मोशनमध्ये बघितला, स्थिर हाय. जुन्या लेथवरचे दिवे दोन फेजवर घेतले. वायरमनदादा, तुमचं वाचून तो चक मी जुन्या ट्यूबखाली मुद्दाम फिरवून बघितला, खरंच उभा दिसतोय, अंगावर काटा आला, पोरांना बोलावून दाखवलं.

रविवारी कॉम्प्रेसरपाशी बसलो. दर ७ मिनिटांनी मोटर सुरू. साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉइंट बघत गेलो, दुसऱ्या सीएनसीच्या मागं पाइपच्या क्लिपपाशी बुडबुडे आले, आणि एअर गनच्या कपलिंगला पण. क्लिप बदलली, आता २० मिनिटांवर गेलंय. कपलिंग उद्या आणतो.