चार बाय दोन फुटांत घाट बसवायचा असेल तर

मॉडेल रेल्वेसाठी कसारा घाटाचा रेल्वेमार्ग आणि स्टेशन, दोन्ही ४ × २ फुटांच्या प्लायवर? नाही बसणार. त्यापेक्षा नेरळ-माथेरान करा. तिथली वळणं मुळातच आवळलेली आहेत, त्यामुळे ९ इंच त्रिज्याही खपून जाते. १:८७ प्रमाणात दोन रुळांमधलं ९ मिमी अंतर प्रत्यक्षातल्या दोन फुटी मार्गापेक्षा थोडं रुंद पडतं, पण डोळ्यांना खटकत नाही.

चढ मात्र खऱ्यासारखा १:२० ठेवू नका, हलकं इंजिन जागीच घसरतं. माझी युक्ती उलटी आहे: रूळ जवळजवळ सपाट ठेवायचा आणि जमीन खाली उतरवायची. प्लाय कापून रुळाखाली थर्माकोलची दरी केली की उंची आपोआप भासते.

तांबडी माती खरीच वापरा, चहाच्या गाळणीतून चाळून. आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा, जांभ्यातले लोहकण मोटरमध्ये शिरले तर संपलंच! नंतर पातळ फेविकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब.

झाडं लहान करू नका. बारा मीटरचं झाड या प्रमाणात जवळजवळ १४ सेंमी होतं. आणि ऋतू आधी ठरवा, पावसाळा की मे महिना. माझ्याकडे दोन्ही एकत्र झालेत, बायको अजून हसते.