झँगिफ सोडू का? गाईल आणि जेपीपुढे काहीच चालत नाहीये (सल्ला हवा)

पाऊणवर्तुळ (धागाकर्ता)
स्ट्रीट फायटर ६ (दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम) सुरू केल्यापासून झँगिफ हेच कॅरेक्टर खेळतोय. तीन महिने झाले, प्लॅटिनम रँकमध्ये अडकलोय. केन, ल्यूक, केमी हे लोक स्वतःहून अंगावर येतात, त्यांच्याशी बरोबरीत चालतं. पण समोर गाईल किंवा जेपी (दोघेही झोनर, म्हणजे लांबून मारा करणारे) आला की बोटंच गळून जातात. काल एका गाईलने दोन्ही राउंड घेतले आणि मला एकदाही पकडता आलं नाही. पकडणारं कॅरेक्टर (ग्रॅपलर) घेऊन शून्य पकडी!
माझ्या अटी: दिवसाला फार तर एक तास मिळतो. साधा पॅड आहे, नवीन कंट्रोलर घ्यायचा नाही. गेम बदलायचा नाही. प्रश्न एवढाच: ग्रॅपलरला हे मॅचअप (कोण विरुद्ध कोण, त्या जोड्या) मुळातच हरलेले असतात, की माझंच काही चुकतंय? चुकत नसेल तर दुसरं कोण घेऊ?

धोबीपछाड
लेव्हरलेस (काठीऐवजी सगळी बटणंच असलेला कंट्रोलर) घे. मीही पॅडवर होतो, तीनशेसाठचा (दिशा गोल फिरवायचा) इनपुट दहातून चार वेळा जंप व्हायचा. लेव्हरलेसवर आठवड्यात बोटं बसली. आता उभ्या उभ्या एसपीडी (झँगिफची मुख्य पकड) निघतो.

पाऊणवर्तुळ
दादा, कंट्रोलर घ्यायचा नाहीये असं वरच लिहिलंय. आणि इनपुट येतो मला, जवळ पोचताच येत नाही.

बॅले_मेडल
मानोन घ्या. मी झँगिफवरूनच आले आणि मागे वळून पाहिलं नाही. कमांड ग्रॅब (खास इनपुटची पकड) लागला की मेडल वाढतं, म्हणजे पुढच्या पकडीचा मारही, पाच लेव्हलपर्यंत, आणि राउंड संपला तरी मेडल जात नाही. पहिला राउंड हरूनही तीन मेडल हातात असतील तर दुसऱ्या राउंडमध्ये समोरचा घाबरून उड्या मारायला लागतो. शिवाय तिची लांब पोचणारी हिट-ग्रॅब (मार लागला की पकड होते ती) आहे, मधल्या अंतरावरून भीती दाखवता येते. झँगिफला ते सुख नाही.

कोपऱ्यातला_भिडू
मानोन गाईलपुढे काय मोठं करते? तीही तिकडेच अडकते. उलट तिची हेल्थ १०,००० आणि झँगिफची ११,०००. एक हजाराचा फरक म्हणजे एक जास्तीची चूक माफ.

बॅले_मेडल
मी सोपं आहे म्हटलं नाही, झँगिफपेक्षा बरं आहे म्हटलं. आणि चूक माफ होण्यापेक्षा चूक होऊ नये हे बरं.

राक्षसी_मूठ
ग्रॅपलरचं खरं दुःख बघायचं असेल तर गिल्टी गिअर स्ट्राइव्हमध्ये पोटेमकिन खेळून बघा. त्याला धावताच येत नाही! सगळा स्टेज चालत पार करायचा. तरी मी दोन वर्षं त्याच्याशीच आहे. फ्लिकने प्रोजेक्टाइल परत समोरच्याच्याच अंगावर धाडता येतं आणि एक पोटेमकिन बस्टर (त्याची मोठी पकड) लागला की समोरच्याचा सूरच हरवतो. गेम बदलायचा नाही म्हणालात, पण एकदा बघाच.

दस्तीवाला
टेकन गेममध्ये किंग (तिथला ग्रॅपलर) घ्या. झोनरच नाहीत म्हटलं तरी चालेल, प्रश्नच मिटला.

कोपऱ्यातला_भिडू
टेकनमध्ये पकड तोडता येते. हात बघायचा: डावा पुढे आला तर एक नंबरचं बटण, उजवा आला तर दोन, दोन्ही आले तर एक आणि दोन मिळून. चांगला खेळाडू बघून तोडतो. स्ट्रीट फायटरमध्ये साधा थ्रो सोडवता येतो, कमांड ग्रॅब नाही. लागला की लागला. त्याची किंमत म्हणून जवळ पोचणं अवघड ठेवलंय. दोन्हींची तुलना करू नका, प्लीज.

जुना_कॅबिनेट
१९९१ ला स्ट्रीट फायटर २ आला तेव्हापासून झँगिफ-गाईल हे रडगाणं आहे. तेव्हाही गाईल कोपऱ्यात बसून बूम (लांबून सोडायचा मारा) टाकायचा आणि आम्ही लॅरियटने (हात पसरून गिरकी) बूम चुकवत इंच इंच पुढे सरकायचो. जिंकायचोही. आताच्या पोरांना तीन महिन्यांत कंटाळा येतो.

पाऊणवर्तुळ
काका, कंटाळा नाही आला. आला असता तर धागा काढला नसता.

तीनअंदाज
मास्टर रँकमध्ये झँगिफ खेळतो, म्हणून सविस्तर लिहितो.
मॅचअप वाईट आहे हे खरं. पण तू ज्याला मॅचअप म्हणतोयस त्यातला अर्धा भाग तुझी उडी आहे. कालचा रिप्ले काढ आणि फक्त एक गोष्ट मोज: किती वेळा उडी मारलीस आणि त्यातल्या किती वेळा मार खाल्लास.
गाईलबद्दल. बूमला मागे धरून चार्ज लागतो, फ्लॅश किकला (उडणाऱ्याला पाडणारी लाथ) खाली धरून. हळू बूम टाकून तो त्याच्यामागे चालत पुढे आला, की त्या क्षणी दोन्ही चार्ज गेलेले असतात. तुझी उडी तिथे, एरवी नाही. तो खाली-मागे बसून असेल तेव्हा उडालास तर तूच त्याला फ्लॅश किक दिलीस.
बाकी वेळ चाल. बूम ब्लॉक केल्याने हेल्थ जात नाही, पण ड्राइव्ह गेज (हेल्थपेक्षा वेगळी, सहा घरांची पट्टी) झिजतो. सहाच्या सहा घरं गेली की बर्नआउट, आणि मग ब्लॉकवरही हेल्थ जाते. म्हणून ब्लॉक नको, पॅरी कर (येणारा मार बटण धरून झेलणं). पॅरीने गेज उलट भरतो. पॅरी धरलेल्याला थ्रो केलं तर पनिश काउंटर (जास्तीचा मार) लागतो, पण गाईल पडद्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथून तो थ्रो कसा करणार? दोन पावलं, पॅरी, दोन पावलं, पॅरी. कंटाळवाणं आहे. पण तो मागे सरकत सरकत कोपऱ्यात जातो आणि मग जागा संपते.
कोपऱ्यात गेल्यावर लगेच पकडायला धावू नको. तिथे त्याला तुझ्या पकडीची भीती आहे, म्हणजे तो उडणार. त्याची ती उडी खाली पाड. दोनदा पाडलीस की तो बसून राहतो, आणि बसलेला माणूस पकडता येतो. एका राउंडमध्ये आपल्याला तीन अंदाज बरोबर यावे लागतात, त्याला पंधरा. हिशोब एवढाच आहे.

धोबीपछाड
+१. पॅरी-चाल-पॅरीसाठीही लेव्हरलेसच बरा.

सोपं_बटण
मॉडर्न कंट्रोल्स लावा. एका बटणावर एसपीडी येतो. शॉर्टकटने डॅमेज २० टक्के कमी होतं, पण न चुकता येतो. एक तासच मिळतो ना? मग इनपुट घासण्यात का घालवायचा?

दस्तीवाला
झँगिफच्या हातात एका बटणावर पकड म्हणजे समोरच्यावर अन्याय आहे. उगाच नाही लोक चिडत.

सोपं_बटण
गेमने दिलेली गोष्ट वापरली तर अन्याय कसा? डॅमेज कापलंय, काही नॉर्मलही (साधे मार) जातात. फुकट काही मिळालेलं नाही.

राक्षसी_मूठ
ग्रॅपलरने मोठी स्पर्धा जिंकताच येत नाही म्हणणाऱ्यांसाठी: २०१७ चा कॅपकॉम कप (स्ट्रीट फायटरची मोठी स्पर्धा) मेनाआरडी या खेळाडूने बर्डी हे कॅरेक्टर घेऊन जिंकला. फायनलला समोर टोकिडो हा खेळाडू.

कोपऱ्यातला_भिडू
बर्डी ग्रॅपलर? साखळीने अर्ध्या पडद्यावरून ओढतो तो. मोठं अंग म्हणजे ग्रॅपलर नव्हे.

राक्षसी_मूठ
ओढून जवळ आणतो आणि कमांड ग्रॅब करतो. अजून काय करायला हवं?

तीनअंदाज
यावर वेगळा धागा काढा. जेपीबद्दल राहिलं: तो गाईलपेक्षा वाईट आहे, खोटं सांगणार नाही. जमिनीतून काटे येतात त्यामुळे चालतानाही थांबावं लागतं, आणि पोर्टलमुळे पकडायला गेलं की तो पलीकडे. मी स्वतः जेपीसाठी मारिसा हे कॅरेक्टर ठेवलंय. तूही एक दुसरं कॅरेक्टर ठेव.

बॅले_मेडल
सहमत. दुसरं कॅरेक्टर हवंच. मानोन.

कोपऱ्यातला_भिडू
दुसरं हवंच, पण मारिसा.

पाऊणवर्तुळ
सगळ्यांचे आभार. रिप्ले मोजला. गाईलविरुद्ध दोन राउंडमध्ये अकरा उड्या, त्यातल्या नऊ पडल्या. आठव्या उडीला तर गाईल खाली-मागे बसलेला स्पष्ट दिसतोय, आणि मी तरी उडालोय. पाहताना मान खाली गेली.
काल रात्री फक्त चाललो. पहिले दोन सामने हरलो. तिसऱ्यात तो हळू बूमच्या मागे चालत आला, मी उडालो, लागलं, तो कोपऱ्यात गेला. त्याने वर दाबलं, मी पाडलं. उठताना तो बसून राहिला आणि मी पकडला. हरलो तो सामनाही, पण ती पकड झोपेपर्यंत डोळ्यांपुढे होती.
निर्णय: दुसरं कॅरेक्टर घेणार नाही. तुम्ही सगळ्यांनी तेच सांगितलंत, कारणंही पटली, तरी नाही. एका तासात मी दोन जण शिकू शकत नाही, आणि जेपीविरुद्ध हरायचंच असेल तर झँगिफ घेऊन हरेन. मॉडर्नही नको, पॅड तोच. महिनाभर रँक्ड बंद, फक्त झोनर खेळणाऱ्यांशी खाजगी सामने. कोणी आहे का?

जुना_कॅबिनेट
शाब्बास.

तीनअंदाज
मला पटलेलं नाही, जेपीपुढे तुझे पॉइंट जाणारच. पण रँक्ड बंद म्हणतोयस तर ठीक. काट्यांना पॅरी करायचं टायमिंग ट्रेनिंग मोडमध्ये दहा मिनिटं रोज, तेवढं मात्र कर.

लांबून_नमस्कार
इतके दिवस नुसता वाचत होतो. माझा जेपी डायमंडमध्ये आहे आणि झँगिफशी सराव मला कधी मिळतच नाही, फार कमी भेटतात. रात्री दहानंतर असतो. आज खोली उघडतो, पासवर्ड व्यनि केलाय.