स्ट्रॅटची अ‍ॅक्शन (तारांची उंची) कमी केली की पहिल्या फ्रेटांवर खडखड, काय करू?

निपाणीकर_सहा_तारा:
स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) टाईप इलेक्ट्रिक गिटार आहे, ०.००९ इंची तारा. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची पट्टी) तारांची उंची जवळपास ३ मिमी होती, बोटं लई दुखायची म्हणून सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) स्क्रू फिरवून खाली घेतलं तर आता १ ते ४ फ्रेटवर खडखड, वर एकदम क्लीन. इथं गिटारचा मिस्त्री कोण नाही, बेळगावला न्यावी लागेल काय?

खानापूर_टोन:
थांब की, सॅडलला हात नको लावू आता. फक्त खालच्या फ्रेटांवर बझ (खडखड) म्हणजे बहुतेक नेक (मान) जास्त सरळ झालाय. ट्यून कर, पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबणारी क्लिप) लाव, शेवटचा फ्रेट दाब आणि सातव्या-आठव्याजवळ तार नि फ्रेटमधली फट बघ. ०.२५ मिमीच्या आसपास पाहिजे. कमी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या उलट दिशेनं फिरव, पाव फेऱ्यापेक्षा कमी, मग परत ट्यून करून बघ. घट्ट लागला तर जोर लावू नको बाबा. आपल्याकडं पावसाळ्यात दमटपणानं लाकूड हलतंय, सेटिंग दरवर्षी बघावंच लागतं.

टिळकवाडी_अ‍ॅम्प:
वरचं बरोबर. त्यानंतर बाराव्या फ्रेटवरची उंची: जाड ई २ मिमी, बारीक ई १.५ धर. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) शेवटी, बारावा फ्रेट दाबून सूर चढा आला तर सॅडल मागं, उतरा आला तर पुढं. ब्रिज बॉडीपासून उचललेला असेल तर मागचे स्प्रिंग आधी बघ.

निपाणीकर_सहा_तारा:
फट दिसतच नाही!! ॲलन की (षटकोनी पाना) शोधतो.